एका परातीतला निवृत्ती

निवृत्तीसमोर कुणी तांब्या उंच धरून वरून घशात पाणी ओतलं, की त्याचा चेहरा बदलायचा. पिणाऱ्याचं पिऊन होईपर्यंत थांबायचा, मग तांब्या आपल्या हातात घ्यायचा, त्याला चक्क ओठ लावून दोन घोट प्यायचा आणि तोच तांब्या परत समोर धरायचा. "आता तू पी. असाच." समोरचा गोंधळायचा. कुणी हसून प्यायचा, कुणी तहान भागल्याचं सांगून निसटायचा. निसटणाऱ्याशी निवृत्ती पुढंही गोडच बोलायचा, पण त्याला आपल्या माणसांत धरायचा नाही.

आमच्या लहानपणी वरून पाणी पिणं हीच रीत होती. तोंड लावलं की भांडं उष्टं, आणि उष्टं भांडं घासायला टाकायचं. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. निवृत्तीचं म्हणणं असं, की ही रीत स्वच्छतेची दिसते, पण तिच्या पोटात जात बसलेली आहे. आज आपण एकमेकांचं उष्टं टाळतो, उद्या त्याच सवयीनं एखाद्याच्या हातात वेगळा पेला देतो. हे तो इतक्या शांतपणे सांगायचा की वाद घालणं जड जाई. मी तर घातलाच नाही. मला राहायला खोली हवी होती आणि खोली त्यानं मिळवलेली होती.

त्या खोलीचीही एक कथा आहे. स्वातंत्र्य येऊन सात-आठ वर्षं झाली होती, अस्पृश्यता कायद्यानं गेलेली होती आणि पुण्यात शंकरला खोली मिळत नव्हती. शंकर आमच्या वर्गातला, खेडच्या बाजूचा, महार समाजातला. अबोल, पण वर्गात कायम वरच्या नंबरात. आडनाव सांगेपर्यंत खोली रिकामी असायची, सांगितलं की तिथं मालकाचे मेहुणे राहायला येणार असायचे. असे बरेच मेहुणे निघाल्यावर निवृत्तीनं पुण्याचा नाद सोडला आणि पिंपरीला निर्वासितांच्या छावणीशेजारी पत्र्याच्या छपराची एक खोली शोधली. मालक टेकूमल हा सिंधमधलं सगळं मागं टाकून आलेला माणूस. त्यानं जात विचारली नाही, फक्त "बत्ती संभालो" एवढंच म्हणाला. तिथं आम्ही चौघं राहू लागलो: निवृत्ती, शंकर, रत्नागिरीकडचा सदाशिव आणि मी. रोज आगगाडीनं शिवाजीनगरला उतरायचं, कॉलेज करायचं आणि संध्याकाळी परत यायचं.

निवृत्ती चाकणजवळच्या निघोज्याचा, शेतकऱ्याच्या घरातला. गुरं राखण्यात काही वर्षं गेल्यामुळं शाळेत उशिरा बसलेला, म्हणून आमच्याहून थोराड, म्हणून सगळ्यांचा अण्णा. रुंद खांदे, दाट भुवया आणि पायांत चाकणच्या बाजारातल्या करकरणाऱ्या वहाणा. तो येतोय हे आधी कानाला कळायचं. बोलणं शुद्ध ठेवायचा, पण चिडला की त्यातून निघोजं बाहेर पडायचं. त्याला डॉक्टर व्हायचं होतं. गणितानं घात केला आणि तो आमच्यासारखा बी.ए.च्या वर्गात येऊन बसला, पण डॉक्टरकी काही डोक्यातून गेली नाही. कुणाशीही बोलताना सहज त्याचं मनगट हातात घ्यायचा. समोरच्याला वाटायचं, काय माया आहे या माणसाला. माया होतीच, पण तो नाडी बघत असायचा.

खोलीत त्याचं राज्य होतं. जेवणाआधी नखं दाखवायची. हात राखेनं घासायचे. पाणी उकळून, गाळून, झाकून ठेवायचं. एवढं सोवळं झाल्यावर मात्र चौघांनी एकाच परातीत जेवायचं आणि एकाच पितळी पेल्याला तोंड लावून पाणी प्यायचं. भाकरी अण्णा थापायचा, आमटी शंकरची, भात सदाशिवचा. मी परात घासायचो, कारण मला दुसरं काही येत नव्हतं. सदाशिवच्या घरी फार कडक आचार. पहिले काही दिवस त्याला घास गिळवेना, मग गिळवू लागला आणि पुढं तर आमटीसाठी शंकरशी भांडूही लागला. तो पहिल्यांदा भांडला त्या दिवशी अण्णाच्या तोंडावर जो आनंद दिसला तो मी विसरलेलो नाही.

दर शनिवारी दुपारी कॉलेजच्या व्यायामशाळेमागच्या पडवीत अण्णा 'आपलं शरीर' नावाचा वर्ग घ्यायचा. कुणी सांगितलेलं नव्हतं, प्राध्यापकांचा पाठिंबा नव्हता, तरी चाळीस-पन्नास पोरं जमायची. निम्मी गंमत बघायला. अण्णा एखाद्याला उभा करून यकृत कुठं असतं ते हात ठेवून दाखवायला सांगायचा. अर्थशास्त्राच्या एका हुशार मुलानं ते बेंबीखाली दाखवलं होतं. तर्कशास्त्रात पहिला आलेला एक जण म्हणाला की ताप म्हणजे उष्णता, ती आंबे खाल्ल्यानं होते आणि सब्जानं जाते. देवीची लस, पटकी, विषमज्वर, क्षय यांतलं काय कशानं होतं, हे आम्हा पदवीच्या मुलांना धड सांगता येत नव्हतं. परदेशातल्या राज्यक्रांत्या मात्र तोंडपाठ होत्या. अण्णा कपाळावर हात मारायचा नाही की हसायचा नाही. कोळशानं भिंतीवर माणूस काढायचा आणि समजावून सांगायचा. "शरीर आपलं आणि त्याची माहिती दुसऱ्याकडं, असं कसं चालंल?" हे त्याचं ठरलेलं वाक्य.

आज मागं वळून बघताना वाटतं, त्याला अर्धं ठाऊक होतं. आम्हाला काहीच ठाऊक नव्हतं, म्हणून त्याचं अर्धं आम्हाला पुरं वाटायचं. त्याची पुस्तकं जुन्या बाजारातली, पानं गळालेली. जंतू म्हणजे काय हे त्याला कळलेलं होतं. पण आपल्याकडं विटाळ ज्या वाटेनं जातो त्याच वाटेनं जंतू जातात, हात, ताट, पेला, पाणी, असं त्याच्याही मनात कुठंतरी बसलेलं होतं. साऱ्या जन्माचं त्याचं भांडण त्या पेल्याशीच होतं, त्यामुळं पेल्यापलीकडं त्याची नजर गेली नाही.

आणि त्याची पटवून देण्याची पद्धत एकच. जे खरं म्हणायचं ते आधी स्वतःच्या अंगावर करून दाखवायचं.

एकदा छावणीत पटकीची साथ येईल अशी भीती होती म्हणून सरकारी माणसं टोचायला आली. छावणीतले लोक दारं लावून बसले. गावातले लोक शेतात पसार झाले, आणि आमच्या कॉलेजची जी पोरं आसपास राहत होती ती त्यांच्याही आधी पसार झाली. टोचलं की मर्दानगी जाते असं त्यांच्यातल्या एका बी.एस्सी.वाल्यानं खात्रीनं सांगितलं होतं. अण्णानं भर चौकात सदरा काढला, दंड पुढं केला, टोचून घेतलं आणि टोचणाऱ्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत उभा राहिला. दुपारी खोलीत आला तो फणफणून. दंड सुजून लाल झालेला. मी डॉक्टरला बोलवायला निघालो तर त्यानं माझा सदरा धरला. ताप आल्याचं कुणाला कळता कामा नये म्हणाला, कळलं तर उद्या एकही माणूस दंड पुढं करणार नाही. संध्याकाळी लांब बाह्यांचा सदरा घालून छावणीत गेला, पोरांना उचलून घेतलं, बायकांशी मोडक्या हिंदीत थट्टा केली. दुसऱ्या दिवशी टोचायला रांग लागली. साथ आली नाही. सगळे अण्णाचं कौतुक करत होते आणि मीही करत होतो. मला मात्र तो सुजलेल्या हातानं पोर उचलतानाचा चेहरा दिसायचा आणि का कोण जाणे, बरं वाटायचं नाही.

त्याच वर्षी पिंपरीत औषधांच्या मोठ्या कारखान्याची तयारी चालली होती. संध्याकाळी फिरायला गेलो की अण्णा तिकडं हात करून सांगायचा की आता रोगराई म्हणजे इतिहासाच्या पेपरातला प्रश्न होणार. शंकर त्याच्यामागून चालत असायचा. तो खोकायचा. थंडी नुकती सुरू झाली होती, तेव्हा खोकला सगळ्यांनाच होता.

आमचा गेला, शंकरचा गेला नाही. दिवाळीनंतर त्याचा सदरा अंगावर सैल झाला. संध्याकाळी डोळे तांबूस व्हायचे, गालांवर एक लाली यायची आणि तो न जेवता पडून राहायचा. ही सगळी लक्षणं आम्ही शनिवारच्या वर्गात ऐकलेली होती. अण्णानंच सांगितलेली होती, भिंतीवर काढलेल्या माणसाच्या छातीवर कोळशानं काळा ठिपका देऊन. पण खोलीत तो शब्द कुणी काढेना. अण्णा शंकरची नाडी बघायचा, छातीत कफ साठलाय म्हणायचा आणि अडुळशाचा काढा उकळायचा. मला वाटतं, त्याला कळलं होतं. पण शंकरला क्षय आहे म्हटलं की त्याच्या पुढचं वाक्य काय येणार हेही त्याला कळलं होतं.

ते वाक्य सदाशिवनं उच्चारलं. सदाशिवची थोरली बहीण याच रोगानं गेलेली. त्यानं घरात सगळं पाहिलेलं होतं, त्यामुळं तो घाबरट ठरला होता. जेवायला बसलो असताना तो खाली मान घालून म्हणाला की शंकरला डॉक्टरला दाखवू या, आणि तोवर त्याचं ताट-पेला वेगळा ठेवू या. आपण वाईट मनानं बोलत नाही, हेही म्हणाला. अण्णाचा हात घासावर तसाच राहिला.

शंकरच बोलला. "ठेवा वेगळा. मला सवय आहे."

तो रागानं म्हणाला नाही. जणू कुणी मीठ हवंय का विचारलं आणि त्यानं नको म्हटलं. अण्णा उठून बाहेर गेला. बऱ्याच वेळानं आत आला तेव्हा त्याचे डोळे सुजलेले होते. शंकरसमोर अर्धा भरलेला पेला होता, तो अण्णानं उचलला आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्याला. मग सदाशिवकडं बघून म्हणाला, "या खोलीत दुसरा पेला आणायचा न्हाई. ज्याला भ्या वाटतं त्यानं जावं."

आणि तेवढ्यावर तो थांबला नाही. अंथरुणं घालायची वेळ झाली तशी त्यानं आपली घोंगडी उचलून शंकरच्या अंथरुणाला लागून टाकली. शंकरला थंडी बाधत होती म्हणून खिडकी लावली आणि फटीत चिंध्या कोंबल्या. शंकर पुन्हापुन्हा सांगत होता की अण्णा, लांब नीज, मला खोकला येतो. अण्णानं ऐकलं नाही. हिवाळाभर तो त्याच्या शेजारी निजला. शंकरला ढास लागली की त्याला उठवून बसवायचा, पाठ चोळायचा, आपल्या खांद्यावर त्याचं डोकं ठेवून घ्यायचा. सदाशिव टेकूमलच्या ओसरीवर पोतं पांघरून निजू लागला. मी दाराशी निजायचो, दार किलकिलं ठेवून, कारण मला कोंडल्या हवेत गुदमरायला होतं. कॉलेजात ही गोष्ट पसरली तेव्हा अर्धी पोरं अण्णाला देवमाणूस म्हणू लागली आणि अर्धी काय होतंय ते बघायला थांबली. मला त्या दुसऱ्या अर्ध्यांची फार भीती वाटायची.

थंडी सरता सरता एका सकाळी शंकरच्या खोकल्याबरोबर रक्त आलं. सदाशिवनं कुणाला न विचारता टांगा आणला. पुण्यातल्या क्षयाच्या दवाखान्यात एक म्हातारे डॉक्टर होते, जाड भिंगांचा चष्मा आणि कायम थकलेला आवाज. शंकरच्या छातीचा फोटो त्यांनी उजेडात धरला. ते काही बोलायच्या आतच अण्णा पुढं झाला. आम्ही एका परातीत जेवतो, एका पेल्यानं पाणी पितो आणि पुढंही पिणार, असं त्यानं त्यांना ठणकावून सांगितलं. बिचारे डॉक्टर. त्यांनी काय गुन्हा केला होता?

"प्या," ते फोटोवरची नजर न काढता म्हणाले. "भांडं घासलं की स्वच्छ होतं. निजता कुठं?"

अण्णाला प्रश्न कळला नाही. डॉक्टरांनी परत विचारलं, निजता कुठं, कसे, खिडकी किती मोठी. सदाशिवनं सांगितलं. डॉक्टरांनी चष्मा काढला आणि अण्णाकडं नीट पाहिलं. मग सावकाश सांगितलं की हा रोग पेल्यातून फारसा जात नाही, तो खोकल्याबरोबर हवेत जातो आणि कोंडलेल्या खोलीत शेजारी निजणाऱ्याला गाठतो. खिडकी उघडी असती आणि अंथरुणं लांब असती तर परातीनं काही बिघडलं नसतं. शंकरला दवाखान्यात ठेवून घेऊ, आता चांगली इंजेक्शनं आली आहेत, पोरगा बरा होईल. पण तुम्ही तिघांनीही फोटो काढून घ्या.

खोलीत आल्यावर अण्णानं पहिली गोष्ट केली ती खिडकीच्या फटीतल्या चिंध्या उपसण्याची. खूप घट्ट बसल्या होत्या. चाकूनं उकरून काढाव्या लागल्या.

मी आणि सदाशिव त्याच आठवड्यात फोटो काढून आलो. दोघंही साफ. अण्णा गेला नाही. आधी म्हणाला परीक्षा जवळ आली, मग म्हणाला यंत्र बिघडलंय, मग म्हणाला माझ्या छातीत बैलाची ताकद आहे. शनिवारचा वर्ग बंद केला, घसा बसलाय म्हणून. परातीत अजून आमच्याबरोबरच जेवायचा, पण तोंड दाराकडं करून. अंथरूण त्यानं अंगणात नेलं, उकडतंय या नावाखाली, आणि उकाडा अजून सुरूही झाला नव्हता. आम्हाला कसं जपायचं हे त्याला आता पक्कं कळलेलं होतं. स्वतःला मात्र तो जपेना. बोलता बोलता त्याचा हात कुणाच्या मनगटाकडं जाईनासा झाला. एकटा बसला की तो स्वतःचंच मनगट धरून बसायचा.

एकदा पिंपरीच्या फलाटावर गाडीची वाट बघताना त्याला ढास लागली. रुमाल त्यानं पटकन मुठीत दाबला, तरी मी पाहायचं ते पाहिलं. मला राग आवरेना. चाळीस पोरांना तू काय शिकवत होतास, असं मी त्याला बोललो. आत्ताच्या आत्ता माझ्याबरोबर दवाखान्यात चल म्हणालो. गाडी आली, गेली. आम्ही बाकावर बसून राहिलो.

"माझ्या फोटोत डाग निघाला तर पोरं काय म्हणतील, ठाऊक आहे तुला?" तो म्हणाला. "हवा म्हणणार न्हाईत. खिडकी म्हणणार न्हाईत. म्हणतील, बघा, महाराच्या परातीत जेवला आणि मेला. उद्या दुसऱ्या एखाद्या शंकरला कोण खोलीत घेईल?"

मी म्हणालो, म्हणू देत.

"तुला तसं म्हणता येतं," तो म्हणाला. आणि मग हळूच, "शंकरला यातलं काही कळू देऊ नको."

मला त्याचा अजून राग येतो. इतकं शहाणपण असलेला माणूस इतका चुकीचा कसा वागू शकतो, हे मला कळत नाही. आणि त्यानं सांगितलेलं खोटं होतं असंही म्हणता येत नाही, कारण तो परीक्षा न देता गावी गेला तेव्हा कॉलेजच्या कट्ट्यावर अगदी त्याच शब्दांत ते वाक्य मी ऐकलं. बोलणारा तोच, बेंबीखाली यकृत दाखवणारा. मी त्याच्या अंगावर धावून गेलो. सदाशिवनं मला धरलं. मग सदाशिवच त्याला समजावत बसला, निजणं, खिडकी, खोकला, डॉक्टरांनी सांगितलं होतं तसं सगळं. तो मुलगा ऐकून घेत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर एक रेघही हलत नव्हती.

शंकर सुधारत होता. त्याचं वजन वाढलं, ताप गेला. भेटायला गेलं की आधी अण्णाचं विचारायचा. मी सांगायचो, शेतीची कामं आहेत, येईल.

त्या वर्षीच्या दिवाळीनंतर मी निघोज्याला गेलो. डॉक्टरांना मी विचारून ठेवलं होतं, खाट द्यायला ते तयार होते. चाकणला उतरून पायी निघालो, शेतांत कांद्याची लावण चालली होती. उन्हं उतरताना पोहोचलो. अण्णा घरामागं गोठ्याच्या भिंतीला टेकून बसला होता. ते रुंद खांदे आता नुसते हाडांचे राहिले होते. मी जवळ जायला लागलो तसा त्यानं हात वर करून मला थांबवलं आणि वारा कुठून येतो ते बघून त्या बाजूला बसायला सांगितलं. आवाज चिरकलेला. शंकरचं सगळं नीट ऐकून घेतलं. तो बी.ए.ला बसणार म्हटल्यावर हसला, आणि हसण्यातून ढास लागली.

दवाखान्यात यायला तो कबूल झाला. मला वाटलं होतं भांडावं लागेल. कांद्याची लावण उरकली की येतो म्हणाला, भाऊ एकटा पडतो. आठ दिवस लागतील. मी आत्ताच चल म्हणत होतो, पण तो कबूल झाला यातच मला इतकं हायसं वाटलं की मी फार ताणलं नाही. मग त्यानं माझ्याकडं एक काम मागितलं. तो गोठ्यात निजायला जायचा आणि आई त्याला उठवून घरात न्यायची. घर म्हणजे एक खोली, खिडकी नाही, चूल आतच. ती त्याच्या कुशीशी निजायची आणि भावाची दीड वर्षाची मुलगी तिच्या कुशीत.

"मला सांगवत न्हाई तिला," तो म्हणाला. "तू सांग. तू पुण्याचा, तुझं ऐकंल."

पन्नास पोरांपुढं तासभर बोलणारा हा माणूस. मी त्याच्या आईकडं गेलो. ती अंगणात वाकळी झटकत होती, पोरगी पदराला धरून उभी. मी डॉक्टरांनी सांगितलं होतं ते सगळं तिला सोप्यात सोपं करून सांगितलं. हवेचं सांगितलं, पोरीचं सांगितलं, आठच दिवसांचा प्रश्न आहे म्हणालो. तिनं मधे तोडलं नाही. माझं झाल्यावर तिनं विचारलं, "पिंपरीला त्या दुसऱ्याच्या पोराजवळ ह्यो हिवाळाभर निजला, व्हय ना?"

मी हो म्हणालो.

"मग माझ्या पोराजवळ कुणी निजायचं न्हाई?"

तिनं वाकळी उचलल्या आणि ती घरात गेली. मी अण्णाकडं बघितलं. त्यानं सगळं ऐकलेलं होतं. तो भिंतीला धरून उठला, गोठ्यातली आपली घोंगडी घेतली आणि अंगणाच्या पार टोकाला, बांधाजवळ नेऊन टाकली. तेवढ्यानं त्याला दम लागला. वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून उभा राहिला.

चाकणची शेवटची गाडी चुकेल म्हणून मी निघालो. आठ दिवसांनी न्यायला येतो म्हणालो. त्यानं मान हलवली. वळणापर्यंत गेल्यावर मी मागं पाहिलं. वारं झोंबरं सुटलं होतं. आई बाहेर आली होती, काखेत नात. तिनं बांधाजवळ जाऊन घोंगडी गोळा केली आणि दुसऱ्या हातानं अण्णाचा दंड धरला. तो काहीतरी म्हणत होता, मान हलवत होता, दंड सोडवून घ्यायला बघत होता. पण आता त्याच्या अंगात तेवढं बळ नव्हतं. ती म्हातारी बाई पुढं आणि तो मागं, असे ते अंगण ओलांडून गेले. उंबऱ्यात त्यानं चौकटीला हात लावून एकदा माझ्या दिशेनं बघितलं. मग आत गेला, आणि आईनं दार लावून घेतलं.